बिनपट्ट्यांची खार

त्या दिवशीही ती जिवंत होती.

वैजूकाकीच्या बागेत, पाटाच्या कडेच्या माडावर, झावळीच्या देठावर पोट टेकून आरामात पसरली होती. शेपटी खाली सोडलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि पांढरीशुभ्र. हिरव्या बागेत कुणी धुतलेला रुमाल वाळत घालून विसरून गेल्यासारखी. आमच्या यंत्राच्या हिशेबाने तिने दिवाळीसुद्धा बघायला नको होती. आता शिमगा तोंडावर आला होता.

मी माडाखाली उभी राहून वर टक लावून बघत होते. मान अवघडली तरी बघत होते.

"इलंस गो बाय?" मागून वैजूकाकीचा आवाज आला. ही बाग तिची. माडावर चढणारं यंत्र हल्लीच घेतलं होतं तिने, त्याला ओढत ती पाटाकडे निघाली होती. "लोका माझ्याकडे चायेक येतत, आणि तू खार बघूक येतस. ह्ये मेले खारी माझी माडावरची शाळी पोखरून टाकतत, म्हायत आसा ना?"

"माहीत आहे, काकी."

"तरी ह्या एकट्या धवल्या खारीक मी काय करूचंय नाय हां. तिच्या पाठीर रामाची बोटां उठूक नाय. तेचो हात फिरलो नाय, म्हणान तू येतस जणू फिरवूक." ती हसली. "जीव लागलो गो तुझो तिच्यार."

मी हसले. दुसरं काय करणार? सगळ्या केरवडी गावाची तीच समजूत होती. मृण्मयी दळवी, एवढी शिकलेली बाई, सकाळ-संध्याकाळ एका खारीसाठी बागेत येते, केवढी माया! खरी गोष्ट अशी की मी रोज ती मेली का ते बघायला जात होते.

आता शास्त्र सांगते, म्हणजे माझी बाजू समजेल.

पिलू आईच्या पोटात असताना रंग तयार करणाऱ्या पेशी त्याच्या पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि हळूहळू कातडीभर पसरतात. त्या पोचल्या की केसांना रंग येतो, खारीला तिचे करडे केस आणि पाठीवरचे पट्टे मिळतात. लाखांत एखाद्या पिलात या पेशी वाटेतच अडतात. मग केस पांढरेच राहतात. डोळे मात्र काळे असतात, कारण डोळ्यांतला रंग डोळ्यांतच बनतो, त्याला कुठून यावं लागत नाही. आमची खार त्यातली.

आणि आमचं यंत्र म्हणजे 'शिकारडोळा'. बागेत झाडाझाडांवर शर्टाच्या गुंडीएवढे कॅमेरे लावलेले. प्रत्येक खारीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूणचकती. या बागेवर शिक्र्याच्या एका जोडीचं राज्य होतं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा, पण भलता चपळ शिकारी पक्षी. त्या दोघांच्या पिसांतही अशाच चकत्या होत्या. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. त्यामुळे शिक्र्याला बाग जशी दिसते तशी आपल्याला दिसतच नाही. शिकारडोळा ती शिक्र्याच्या नजरेने बघायचा आणि प्रत्येक खार मागच्या झाडापुढे किती उठून दिसते त्याचा आकडा काढायचा. त्या आकड्याला मी 'उठाव' नाव दिलं होतं. ज्याचा उठाव जास्त तो लवकर मरणार, हा माझा सिद्धांत. करड्या खारींच्या बाबतीत तो इतका अचूक ठरला होता की दिल्लीहून लोक बघायला येत.

मग ही पांढरी जन्मली. तिचा उठाव यंत्राच्या पट्टीत मावेना. आणि ती मरेना.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण ती न मरण्याचं कारण ओवीकडे होतं.

ओवी माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मावशी आणि काका बदलीच्या नोकरीत, म्हणून ती आमच्या कुडाळच्या घरी वाढली. माझ्या आईने मला वाढवलं आणि तिचे लाड केले, फरक एवढाच. ओवी खोलीत आली की माणसं माझ्याशी बोलता बोलता तिच्याकडे वळतात. ती काही करत नाही त्यासाठी, नुसती येते. माझा विषय तिने घेतला, माझ्याच संशोधन केंद्रात आली, मला "ताई, ताई" करत कामाला लागली. तिच्यात खोट काढायला गेलं तर हाती काही लागत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपतं. उठून दिसणाऱ्याचा टिकाव लागत नाही हे मला सिद्ध करायचं होतं, ते काही फक्त खारींसाठी नव्हतं. मला ते कळत होतं. कळून काही फायदा होत नव्हता.

ओवीचं म्हणणं असं: "ताई, शिक्र्याच्या डोक्यात भक्ष्याचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं. करडं, पट्ट्यांचं, झुपकेदार शेपटीचं. पांढरं काही तरी पळताना दिसलं तर त्याला ते खाणं वाटतच नाही. अनोळखी वस्तूवर झेप घ्यायला तो कचरतो. दुर्मीळ रंग हीच ढाल आहे, जोपर्यंत तो दुर्मीळ आहे तोपर्यंत."

यात खोटं काही नाही. काही पक्षी असं वागतात हे जुनंच ठाऊक आहे. पण ओवी तिथे थांबली नाही. घाटमाथ्यावरच्या लाल खारी तेव्हा चाळीसेक उरल्या होत्या. जंगल विरळ झालं आणि शिक्र्यांना त्या पाठ झाल्या. गाभण माद्यांना एक इंजेक्शन द्यायचं, पोटातल्या पिलांच्या रंगपेशींची वाट अडवायची, आणि पुढची पिढी पांढरी जन्माला घालायची, अशी तिची योजना. एका संवर्धन न्यासाने मान्यता द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच. बागेतली पांढरी खार शिमग्यानंतरही जिवंत हवी.

म्हणून मी रोज जात होते. शिक्रा शिकार करतो सकाळी ऊन वर यायच्या आत आणि संध्याकाळी उन्हं कलताना, म्हणून नेमकी त्याच वेळी. ती रोज झावळीवर पसरलेली असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कुडाळच्या वाचनालयाने ओवीचा सत्कार ठरवला तेव्हा मी आजारी पडायचं ठरवलं होतं. पण आईचा फोन आला.

"तुझ्या धाकट्या बहिणीचा सत्कार आहे, आणि तू खारी बघत बसणार? लोक काय म्हणतील?"

"आई, माझ्या सत्काराला ती आली होती का?"

"तुझा कधी झाला?" आईने निरागसपणे विचारलं.

गेले. पहिल्या रांगेत आईशेजारी बसले. व्यासपीठावर ओवी, अंगावर शाल, हातात नारळ. त्या एका शालीत कुणी इतकं चांगलं दिसू शकतं हेही मला तेव्हाच कळायचं होतं. अध्यक्षांचं भाषण रंगलं तसा मी मांडीवर फोन घेतला आणि शिकारडोळा उघडला. इतके महिने झाले, उन्हं कलताना मी बागेत नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. तापात पडले होते तेव्हाही गेले होते.

पडद्यावर बागेचा नकाशा होता. हिरवे ठिपके खारींचे, पांढरा तिचा, लाल दोन शिक्र्यांचे. एक लाल ठिपका पाटाच्या बाजूला आला. या बाजूला तो कधी टेकायचा नाही. तो खाली उतरला, पुढच्या सुपारीवर टेकला. मी त्या झाडाचा कॅमेरा उघडला आणि झेप दिसली. पांढरं काहीतरी देठावरून खाली निसटलं, पंखांची फडफड झाली, आणि शिक्रा रिकाम्या नख्यांनी वर गेला. शेपटीचे चार पांढरे केस हवेत तरंगत राहिले.

मी "अरे वा!" असं मोठ्याने म्हणाले. नेमकं तेव्हाच अध्यक्षांनी ओवीचं कौतुक केलं होतं, त्यामुळे आईने माझा हात प्रेमाने दाबला.

अनोळखी वस्तूवर झेप घ्यायला कचरतो म्हणे! चांगला नेम धरून घेतली होती. मग इतके महिने का नाही घेतली? वैजूकाकी आज गेली का कुठे, कामाची माणसं नव्हती का, म्हणून मी माणसांचे निळे ठिपके चालू केले. एरवी ते दिसतच नाहीत. बागेतल्या सगळ्यांकडे मनगटपट्ट्या असतात, पण आमचे ठिपके नकाशाभर वळवळतात, खारी दिसेनाशा होतात, म्हणून माणसं गाळून टाक अशी सूचना मीच यंत्राला दिली होती. ओवी तेव्हा म्हणाली होती, "ठेवूया का, ताई?" मी मोठेपणाच्या अधिकाराने नको म्हणाले होते.

वैजूकाकीचा ठिपका बागेतच होता. कामाच्या माणसांचेही होते, पांढरीच्या माडाखालून येत-जात होते. शिक्र्याला त्यांचं काही नव्हतं.

मी आदल्या दिवशीची संध्याकाळ लावली. पाटाजवळ एक निळा ठिपका, न हलणारा. लाल ठिपका येतो, थबकतो, वळून बागेच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथली एक करडी खार मारतो. त्याच्या आदल्या दिवशी तेच. सकाळी तेच. महिनाभर मागे गेले, तेच. निळा ठिपका जिथे उभा, तिथून लाल ठिपका लांब.

निळा ठिपका मी होते.

खालून जाणाऱ्या माणसाला शिक्रा भीत नाही. माणूस आपल्या कामात असतो, त्याची मान खाली असते. पण झाडाखाली थांबून वर टक लावून बघणारा प्राणी म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारी. दोन डोळे सरळ आपल्याकडे रोखलेले दिसले की पक्षी तिथे टेकत नाही. आणि मी तर तासन्‌तास डोळे रोखून उभी. ती मरावी म्हणून. शिक्र्याच्या दोन्ही जेवणवेळा गाठून.

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि लगेच आनंद झाला. ही ओवीची ढाल नव्हतीच! तिचा सिद्धांत माझ्या अवघडलेल्या मानेवर उभा होता. लाल खारींची पांढरी पिल्लं घाटात गेली तर त्यांच्या झाडाखाली कोण जळफळत उभं राहणार? एक वाचणार नाही. हा विचार मनात आला, पण नंतर. आधी आनंदच झाला, उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही.

"आणि मला माझ्या मृण्मयीताईचे आभार मानायचे आहेत," व्यासपीठावर ओवी बोलत होती. "ती रोज, अगदी रोज, त्या खारीपाशी असते. ती नसती तर हे काही झालंच नसतं."

टाळ्या झाल्या. आईचे डोळे भरून आले. मी मान लववली.

परतताना आम्ही दोघी एसटीने निघालो. एसटी आता चालकाशिवाय धावते. कंडक्टर मात्र आहे, आणि सुट्या पैशांवरून पूर्वीसारखाच ओरडतो. ओवीने सत्काराचा नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

"ताई, हा तू ठेव. खरं तर तुझाच आहे."

"ओवी, खारीवर आज शिक्र्याने झेप घेतली."

तिचा चेहरा उतरला. मी फोन तिच्या हातात दिला. झेप दाखवली, मग निळा ठिपका दाखवला, दिवसामागून दिवस. ओवी हुशार आहे, हे मी कधी नाकारलं नाही. कुडाळचं वळण मागे पडायच्या आत तिला सगळं कळलं होतं.

"पण तू एवढा वेळ तिथे का थांबायचीस?" तिने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. माया, निरीक्षण, काहीही. पण माझा विजय मला पुरा हवा होता.

"ती मेली का ते बघायला."

ओवी माझ्याकडे बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"तापातसुद्धा?"

"तापात जास्त वाटायचं, की आज मी गेले नाही तर नेमकी आजच मरेल आणि मला बघायला मिळणार नाही."

"खारीचा एवढा राग?"

"खारीचा नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि गाडी केरवडीच्या चढाला लागली तेव्हा डोळे पुसून म्हणाली, "एका झेपेवरून काही ठरत नाही. आपण नीट बघू. तू बागेत जायचं नाहीस. कुणीच वर बघायचं नाही. चार दिवसांत काय ते कळेल."

"चार दिवसांत ती मरेल," मी म्हणाले.

"मेली तर तुझं खरं."

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, आईला फोन लावेल. मग मला समजूत घालता आली असती, मोठेपणा घेता आला असता. तीही सोय तिने ठेवली नाही.

वैजूकाकीच्या पडवीत आम्ही ठाण मांडलं. मधल्या पायरीवर शिकारडोळ्याचा पडदा उघडून ठेवला. बाग समोरच, पण पाटाकडची बाजू घराआड जाते, तिथलं काही दिसत नाही. वैजूकाकीलाही सांगून ठेवलं की वर बघायचं नाही.

"माझ्या बागेत मी वर बघूचा नाय?" ती करवादली. "नारळ काय भुईत लागतत?" पण ऐकलं तिने. सुपाऱ्या सोलत, कातरत बसली आमच्यापाशी.

पहिल्या दिवशी लाल ठिपका पाटापर्यंत आला, घुटमळला, गेला. दुसऱ्या दिवशी जवळच्या झाडावर बराच वेळ बसून राहिला. त्याला खात्री करून घ्यायची असावी की ती टक लावणारी बाई खरंच गेली. मी पडदा पुन्हा पुन्हा पुसत होते. जिंकायच्या आधी असं होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या संध्याकाळी उन्हं सुपाऱ्यांच्या शेंड्यांवर गेली आणि लाल ठिपका सरळ आला. पुढच्या सुपारीवर टेकला. कॅमेऱ्यात पांढरी दिसत होती, देठावर, पोट टेकून, शेपटी सोडून. तिला सवय होती ना, खाली कुणीतरी असण्याची. ती एक झेप सोडली तर तिला कधी सावध राहायला लागलंच नव्हतं. तिची ती बेफिकिरी माझी देणगी होती.

मी उठून उभी राहिले. कधी उठले ते कळलं नाही.

ओवी पायरीवरच बसून होती. दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली. तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"जायचं तर जा, ताई. मी काही म्हणणार नाही."

कसं होतं ते बघा. मी बसून राहिले असते तर दोन मिनिटांत मी जिंकले असते. इतक्या महिन्यांची, खरं तर इतक्या वर्षांची इच्छा, आणि करायचं काय, तर काहीच नाही. नुसतं बसायचं. गेले असते तर प्रयोग फुकट, मेहनत पाण्यात, आणि ओवीला म्हणायला जागा की बघा, ताईने पुरतं बघू दिलं नाही.

मी पळाले. अनवाणी, सुपारीच्या सोलांवरून, पाटात एक पाय घालून, हातवारे करत, "हूश्श! ए मेल्या! हूश्श!" असं ओरडत. माडाखाली पोचून वर बघितलं तेव्हा शिक्रा झेपेतच होता. त्याने मला बघितलं, हवेतच वळला, आणि माझ्या डोक्यावरून इतक्या जवळून गेला की वारा लागला. पांढरी सर्रकन शेंड्यात गेली आणि तिथून मला शिव्या दिल्यासारखी चिरचिरत बसली.

मी खाली बसले, धापा टाकत. रडूही आलं. कशाचं ते विचारू नका.

परत आले तेव्हा वैजूकाकीने माझ्या पायाकडे बघून पाणी आणलं. ओवी फोनवर होती. न्यासाच्या माणसाशी बोलत होती. योजना मागे घेते, इंजेक्शनं थांबवा, माझं चुकलं, सविस्तर कळवते. आवाज जरासाही हलत नव्हता. ती माझीच बाजू इतकी स्पष्ट मांडत होती, की मला तशी कधी मांडता आली नव्हती.

"थांब," मी म्हणाले. "अजून काही ठरलेलं नाही. मी मध्ये आले. झेप पुरी झालीच नाही. शेवटच्या क्षणी शिक्रा कचरला असता, असं तू म्हणू शकतेस."

ओवीने फोन ठेवला.

"नाही म्हणू शकत, ताई. तू उठलीस ना, तेव्हा मीही पळणारच होते. पायरी धरून बसले म्हणून थांबले. पांढरा रंग तिला वाचवेल यावर माझा विश्वास असता तर मला पायरी धरावी लागली असती का?"

वैजूकाकीच्या अडकित्त्याचा आवाज परत सुरू झाला.

मी ओवीकडे बघत राहिले. पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, आणि फिरवलाही. जिंकले होते मी, सिद्धांत माझा खरा ठरला होता, लाल खारी वाचल्या होत्या. पण प्रयोगाचा निकाल इतक्या थोडक्यात, इतका नेमका सांगणारं ते वाक्य मला सुचायला हवं होतं, आणि मेलं तेही तिलाच सुचलं.